बीटा मायनस तीन आला, मग औषध पोचलं का? मिक्स्ड मायसेलबद्दल जरा सविस्तर

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारी एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, इथंच कोल्हापुरात. ॲमिट्रिप्टिलिन हायड्रोक्लोराइड (नैराश्यावरचं औषध) आणि ट्वीन ८० (साबणासारखा पदार्थ, म्हणजे सरफॅक्टंट) यांच्या मिक्स्ड मायसेलवर, म्हणजे दोघांच्या रेणूंनी मिळून पाण्यात केलेल्या बारीक गोळ्यांवर, काम चाललंय. औषधाची एकट्याची सीएमसी (ज्या प्रमाणाला गोळे बनू लागतात ते) ३६ मिलीमोलरच्या आसपास आली, त्यात थोडं ट्वीन घातलं की मिश्रणाची सीएमसी धाडकन खाली येते, रुबिंगच्या पद्धतीनं बीटा (दोघांच्या एकमेकांकडच्या ओढीचा आकडा) काढला तर मायनस तीनच्या आसपास येतो. गाइड म्हणतात सिनर्जिझम (दोघं मिळून एकेकट्यापेक्षा सरस) आहे असं लिही आणि शेवटी ड्रग डिलिव्हरीसाठी उपयुक्त असं वाक्य टाकून दे. तिचा प्रश्न असा, की हे मायसेल नक्की बनतात कसे, मायनस तीनचा अर्थ काय, आणि डिलिव्हरीला खरंच उपयोग आहे का.

तिसरा प्रश्न विचारलास हे फार बरं केलंस, कारण तो सहसा कुणी विचारतच नाही. मी बारा वर्षं एमआयडीसीत फॉर्म्युलेशनमध्ये काढली आणि त्यानंतर शिकवतोय, आणि दरवर्षी व्हायव्हाला बसलो की किमान दोन थिसिस अशा येतात ज्यात चार प्रकरणं बीटावर असतात आणि औषध शेवटी मायसेलमध्ये किती आहे याचा एक आकडा नसतो.

सुरुवात पहिल्यापासून करू, पण पटकन. साबणासारखा रेणू, एक टोक पाण्याला धरून राहणारं आणि एक टोक पाण्याला वैतागलेलं. पाण्यात थोडा असला तर पृष्ठभागावर जाऊन बसतो, शेपूट हवेत, डोकं पाण्यात. पृष्ठभाग भरला आणि तू अजून घालत गेलीस की मग आतले रेणू शेपट्या आत वळवून गोळे करतात. हा मायसेल, आणि ज्या प्रमाणाला हे सुरू होतं ती सीएमसी. मॅकबेननं १९१३ च्या सुमारास ही कल्पना मांडली तेव्हा लोकांनी फार मनावर घेतली नव्हती, गोल मायसेलचं चित्र हार्टलीनं १९३६ मध्ये नीट उभं केलं. आपण आज तेच चित्र काढतो, ते डोकं म्हणजे गोटी आणि शेपूट म्हणजे नागमोडी रेघ. हे चित्र एसडीएससारख्या नेहमीच्या सरफॅक्टंटला ठीक आहे. तुझ्या औषधाला तसंच्या तसं लागू नाही, आणि घोळ इथूनच सुरू होतो.

ॲमिट्रिप्टिलिनला लांब शेपूट नाहीच. तीन रिंगांचा ताठ तुकडा आहे, त्याला तीन कार्बनची आखूड साखळी आणि टोकाला अमाइन. पीकेए (ज्या पीएचला अर्ध्या रेणूंवर भार असतो तो) ९.४ च्या आसपास, म्हणजे ७.४ पीएचला जवळपास सगळं औषध धन भार घेऊन असतं. ताठ रिंगा नागमोडी शेपट्यांसारख्या एकमेकींत गुंतत नाहीत, त्यामुळं औषधाचे एकट्याचे गोळे लहान होतात, एकेका गोळ्यात दहाच्या आसपास रेणू. एसडीएसच्या मायसेलमध्ये हेच साठच्या आसपास असतात. इमिप्रामिन, क्लोरप्रोमाझिन, प्रोमेथाझिन ही सगळी याच भावकीतली. क्लोरप्रोमाझिनची सीएमसी २० मिलीमोलरच्या जवळ येते. (फिनोथायझिनवर, म्हणजे क्लोरप्रोमाझिन, प्रोमेथाझिनच्या गटावर, कुणी काम करत असेल तर फ्लास्कला फॉइल गुंडाळा, उजेडात रंग बदलतो आणि मग यूव्हीचे आकडे घेऊन रडत बसायला लागतं.)

आता यात ट्वीन आलं. ट्वीन ८० ची सीएमसी ०.०१२ मिलीमोलरच्या आसपास, म्हणजे तुझ्या औषधापेक्षा तीन हजार पट कमी. त्याला ओलेइक ॲसिडची लांब शेपूट आहे आणि डोक्याला पॉलिऑक्सिइथिलीनच्या साखळ्यांचा झुबका, भार शून्य. ट्वीनचा गोळा आधीच तयार असतो, औषधाची तीन रिंगांची चपटी बाजू त्या शेपट्यांच्या वरच्या थरात सरकते आणि भार असलेला नायट्रोजन बाहेर पाण्याच्या बाजूला राहतो. नुसत्या औषधाच्या गोळ्यात हे धन भार एकमेकांना खेटून बसायचे आणि ढकलायचे, इथं दोन भारांच्या मधे ट्वीनचा झुबका येतो, ढकलाढकली कमी होते, म्हणून औषधाला मिश्र गोळ्यात बसणं स्वतःच्या गोळ्यापेक्षा सोपं जातं. आयनिक (भार असलेला) आणि नॉनआयनिक (भार नसलेला) अशा जोडीत बीटा मायनस का येतो याचं मुख्य कारण एवढंच. फार गूढ काही नाही, हायड्रोजन बाँडिंगवर तीन पानं लिहायची गरज नाही.

इथं एक फरक डोक्यात पक्का बसव. एक औषध असतं जे मायसेलच्या भिंतीतली वीट होतं, आणि एक असतं जे आत बसून जाणारा माल असतो. ॲमिट्रिप्टिलिन वीट आहे. पॅक्लिटॅक्सेल, इट्राकोनाझोल, करक्युमिन हा माल. दोन्हीला लोक सर्रास मिक्स्ड मायसेल ड्रग डिलिव्हरी म्हणतात आणि एकाचे युक्तिवाद दुसऱ्याला चिकटवतात.

आता आकडे. सीएमसी धाडकन खाली आली म्हणजे दोघांचं जमलं असं तुला वाटलं, बरोबर? थांब. क्लिंटचं समीकरण १९७५ चं आहे, ते असं म्हणतं की दोघांत काहीही खास प्रेम नसेल, निव्वळ शेजारी शेजारी राहत असतील, तरी मिश्रणाची सीएमसी किती येईल. एक भागिले मिश्रणाची सीएमसी बरोबर प्रत्येकाचा मोल अंश भागिले त्याची स्वतःची सीएमसी, यांची बेरीज. समज ९० टक्के औषध आणि १० टक्के ट्वीन. ०.९ भागिले ३६ म्हणजे ०.०२५. ०.१ भागिले ०.०१२ म्हणजे ८.३३. बेरीज ८.३६, उलटा केला की ०.१२० मिलीमोलर.

म्हणजे ३६ वरून ०.१२ वर घसरण, तीनशे पट, आणि यात आकर्षण वगैरे काहीच नाही. सगळी ट्वीनची करामत. औषधाचा वाटा त्या बेरजेत ०.०२५, म्हणजे नसल्यातच जमा. आणि त्या क्षणी गोळ्यात कोण आहे हे काढलंस तर औषध हजारात तीन निघतं. हजारातले ९९७ ट्वीन. त्याला मिक्स्ड मायसेल म्हणायचं तर म्हणा, पण मिसळीत एक शेंगदाणा पडला म्हणून ती शेंगदाण्याची मिसळ होत नाही.

आता तुझा मायनस तीन. रुबिंगची रेग्युलर सोल्यूशनची पद्धत १९७९ ची, त्यात बीटा हा दोघांच्या ओढीचा आकडा. बीटा मायनस तीन धरून मी वरचंच मिश्रण सोडवलं, वही पेन घेऊन, तू पण सोडव, दहा मिनिटांचं काम आहे. मिश्रणाची सीएमसी येते ०.११४ आणि गोळ्यात औषधाचा मोल अंश ०.०४४. आता या दोन आकड्यांकडं बघ, आदर्श मिश्रणाला ०.१२० आणि मायनस तीनला ०.११४. फरक पाच टक्क्यांचा! तुझ्या टेन्सिओमीटरच्या (पृष्ठताण मोजायच्या यंत्राच्या) आलेखावर दोन सरळ रेघा मारून जिथं छेदतात तो बिंदू तू पाच टक्क्यांच्या आत धरू शकतेस का? रेघ मारताना पट्टी केसभर हलली तर पाच टक्के जातात. त्यामुळं औषध आणि सरफॅक्टंट यांच्या सीएमसीत इतकं अंतर असेल तेव्हा बीटा हा आकडा तुझ्या पट्टीवर अवलंबून असतो असं म्हणायला हरकत नाही. मायनस तीन आला, पुढच्या आठवड्यात मायनस एक पण येईल. प्रत्येक प्रमाणाला वेगळा बीटा येतोय का बघ, येत असणारच, आणि तो वेगळा येतोय हे लपवू नकोस, पद्धतीच्या गृहीतकानुसार तो एकच यायला पाहिजे.

आणि सिनर्जिझम हा शब्द. रुबिंगच्या चौकटीत मिश्र मायसेल बनण्यातला सिनर्जिझम म्हणायला दोन अटी आहेत. बीटा ऋण पाहिजे ही सगळ्यांना माहीत असते. दुसरी अट अशी की बीटाची किंमत, चिन्ह सोडून, दोन सीएमसींच्या गुणोत्तराच्या नॅचरल लॉगपेक्षा मोठी पाहिजे. तुझ्या केसमध्ये गुणोत्तर तीन हजार, त्याचा लॉग ८. म्हणजे मायनस आठच्या पलीकडं गेलीस तर कुठल्या तरी प्रमाणाला मिश्रणाची सीएमसी दोघांच्याही खाली जाईल. मायनस तीनला ती कधीच ट्वीनच्या खाली जाणार नाही. म्हणून "आदर्श मिश्रणापेक्षा जास्त ओढ" असं लिही, सिनर्जिझम लिहू नकोस. गाइडना ही दुसरी अट दाखव, वाद घालू नकोस, फक्त दाखव, ते समजून घेतील. मीही माझ्या पहिल्या दोन विद्यार्थ्यांना बिनधास्त सिनर्जिझम लिहायला लावलं होतं, मग एका परीक्षकांनी शांतपणे विचारलं की दुसऱ्या अटीचं काय, आणि आम्ही तिघंही छताकडं बघत बसलो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पाणी घालणं. कोल्हापुरात हे समजावायला वडापचं उदाहरण मी वर्गात देतो. जीपमध्ये पंधरा माणसं कोंबलेली, स्टँडवर बघितलं तर वाटतं काय लोड आहे, पण प्रत्येक फाट्यावर एकेक उतरतो आणि गावात पोचते तेव्हा ड्रायव्हर आणि एक म्हातारी. गाडी मात्र शाबूत. मिक्स्ड मायसेलचं असंच होतं, आणि लोक गाडी शाबूत राहिली यालाच डिलिव्हरी म्हणतात.

तुझ्याच आकड्यांवर बघ. एकूण २० मिलीमोलर घे, १८ औषध आणि २ ट्वीन. बीटा मायनस तीन धरला तर हिशोबानं गोळ्यात औषधाचा मोल अंश ०.६२ च्या आसपास येतो. वा! बासष्ट टक्के औषध, असं थिसिसमध्ये येतं. पण पाण्यात सुटं औषध किती? साधारण १४.६ मिलीमोलर. म्हणजे १८ पैकी १४.६ बाहेरच मोकळं फिरतंय, ऐंशी टक्के, आणि गोळ्यात जेमतेम साडेतीन. गोळ्याच्या बाजूनं बघितलं तर बासष्ट टक्के, औषधाच्या बाजूनं बघितलं तर वीसच टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही लिहायला पाहिजेत.

आता हेच शंभर पट पातळ कर. औषध ०.१८, ट्वीन ०.०२. एकूण ०.२ म्हणजे सीएमसीच्या वरच आहे, मायसेल टिकले, टाळ्या. पण परत सोडव. ट्वीनचा अर्ध्याच्या आसपास भाग गोळ्यात आणि औषध? हजारात चार. उरलेलं ९९६ पाण्यात. गाडी आहे, माणसं उतरली. आणि शंभर पट पातळ होणं म्हणजे काहीच नाही, शिरेतून पाच मिली दिलं तर रक्त पाच लिटर आहे, हजार पट तिथंच झालं. शिवाय रक्तात अल्ब्युमिन बसलेलं आहेच, ते औषधही ओढतं आणि सरफॅक्टंटही.

आणि रक्तात या औषधाचं उपचारात लागणारं प्रमाण मायक्रोमोलरच्या आसपास किंवा त्याच्याही खाली असतं. ३६ मिलीमोलर म्हणजे त्याच्या छत्तीस हजार पट किंवा त्याहूनही जास्त. एवढं औषध कुणाच्या रक्तात असेल तर मायसेल बनले का हा प्रश्न राहत नाही. हायड्रोक्लोराइड तर पाण्यात आरामात विरघळतं, त्याला विरघळवायला मायसेलची गरजच नाही. मग हे काम कशासाठी? मॉडेल म्हणून चांगलं आहे. भार असलेलं उभयस्वभावी औषध पेशीच्या पडद्यात कसं घुसतं, सरफॅक्टंटबरोबर एकाच बाटलीत ठेवलं तर काय होतं, लेपासारख्या जास्त प्रमाणाच्या प्रकारात काय होतं, यासाठी उपयोगी. हे प्रामाणिकपणे लिहिलंस तर थिसिस हलका होत नाही.

बरं, मग खऱ्या अर्थानं चालणारे मिक्स्ड मायसेल कुठले? सगळ्यात जुने तर तुझ्या पोटात आहेत. तांबडा रस्सा वरपला की थोड्या वेळानं पित्ताशयातून पित्त येतं, त्यात बाइल सॉल्ट आणि लेसिथिन, त्यांचे मिश्र मायसेल होतात आणि तेलाचं पचलेलं सगळं त्यात बसून आतड्याच्या भिंतीपर्यंत जातं. बाइल सॉल्टला पण नागमोडी शेपूट नाही, ताठ रिंगांची फळी आहे जिची एक बाजू तेलकट आणि एक बाजू पाण्याला सोसणारी, आपल्या रिठ्यातल्या सॅपोनिनमध्ये पण ताठ रिंगाच असतात. म्हणून बाइल सॉल्टचे एकट्याचे मायसेल लहान असतात, लेसिथिन आलं की फुगतात आणि तेलकट औषधं आत घेतात. ग्रिसिओफल्विनची गोळी तुपकट जेवणाबरोबर घ्या असं सांगतात ते यामुळंच. डिसॉल्यूशनला (गोळी विरघळण्याच्या चाचणीला) आपण जे नकली आतड्यातलं पाणी करतो, उपाशीपोटीचं, त्यात ३ मिलीमोलर टॉरोकोलेट आणि ०.७५ लेसिथिन, पीएच ६.५. जेवलेल्या पोटाचं करायचं तर १५ आणि ३.७५, पीएच ५. गुणोत्तर तेच चारास एक, फक्त पाच पट दाट. याला पाणी घातलंस तर बाइल सॉल्ट निघून पाण्यात जातं आणि मागं राहिलेलं लेसिथिन गुंडाळून पोकळ पिशव्या होतात, म्हणजे पातळ केल्यावर मायसेल फुटतोच असं नाही, त्याचं दुसरंच काही तरी होतं. डीएलएसवर (प्रकाशानं कणांचा आकार मोजायच्या यंत्रावर) आकार अचानक वाढलेला दिसला की पोरं घाबरतात, कचरा गेला म्हणतात. कचरा नसतो तो.

याच जोडीवरचं बाजारातलं उदाहरण म्हणजे व्हिटॅमिन के१ चं कोनाकिऑन एमएम. त्यातलं एमएम म्हणजे मिक्स्ड मायसेलच, ग्लायकोकोलिक ॲसिड आणि लेसिथिन. के१ पाण्यात अजिबात विरघळत नाही, तो माल आहे, वीट नाही, त्यामुळं पातळ केलं तरी उडी मारून पाण्यात जायला त्याला जागा नाही. दुसरं जुनं उदाहरण ॲम्फोटेरिसिन बी, एका व्हायलमध्ये ५० मिलिग्रॅम औषध आणि ४१ मिलिग्रॅम सोडियम डिऑक्सिकोलेट. हे डेक्स्ट्रोजमध्येच पातळ करायचं, सलाइनमध्ये घातलं की मिठानं गढूळ होऊन खाली बसतं. वॉर्डातल्या सिस्टरना हे पाठ असतं, आपल्या पोरांना नसतं. आणि प्लुरॉनिकमध्ये (ही पॉलिमरची सरफॅक्टंट) एफ१२७ आणि एल६१ असं मिश्रण डॉक्सोरुबिसिनसाठी वापरून मानवी चाचण्यांपर्यंत गेलं. एल६१ तेलकट आहे, एकटं पाण्यात नीट राहत नाही, पण पेशीतून औषध बाहेर फेकणाऱ्या पंपाला अडवतं, आणि एफ१२७ त्याला सांभाळून नेतं. हे मला खरं मिश्रण वाटतं, म्हणजे दोघांची कामं वेगळी आहेत आणि एकाशिवाय दुसऱ्याचं भागत नाही. पॅक्लिटॅक्सेल क्रेमोफोर (हेही एक सरफॅक्टंट) आणि अल्कोहोलमध्ये देतात हे तू शिकलीसच, तिथं औषध सुटतं पण क्रेमोफोरची ॲलर्जी सांभाळायला आधी स्टिरॉइड द्यायला लागतं. सरफॅक्टंट म्हणजे पाणी नव्हे, एवढं लक्षात ठेवायला तेवढं पुरे.

तू शेवटी विचारलं होतंस ट्वीनऐवजी एसएलएस घेऊ का, म्हणजे एसडीएस, ओढ जास्त येईल म्हणून. येईल की! धन भाराचं औषध आणि ऋण भाराचं सरफॅक्टंट, बीटा खूप खाली जाईल, आणि एसएलएसची सीएमसी ८ मिलीमोलरच्या आसपास असल्यानं वरची दुसरी अट पण सहज पुरी होईल. पण बाटलीत काय दिसेल? दही. औषध आणि लॉरिल सल्फेट यांचं न विरघळणारं मीठ तयार होतं, आणि एसएलएस भरपूर जास्त घातलं तरच परत विरघळतं. जर्नलमधले ते सुंदर बीटा बहुतेक त्या गढूळ पट्ट्याच्या अलीकडचे नाही तर पलीकडचे असतात.

एसएलएसवरून माझी एक फजिती सांगतो. कंपनीत नवीन होतो, एका औषधाचं डिसॉल्यूशन करायचं होतं, ६.८ चा फॉस्फेट बफर आणि त्यात एक टक्का एसएलएस. गोळी टाकली, पाच मिनिटांत भांडं पांढरं. मी म्हटलं औषध प्रेसिपिटेट होतंय. पीएच बदलला, टाकायचा क्रम बदलला, ३७ ऐवजी ४० करून बघितलं, बॉसला मेल केला की एपीआयच्या (मूळ औषधाच्या) लॉटमध्ये गडबड आहे. तीन दिवस. चौथ्या दिवशी सकाळी भांडी भरून ठेवणारे आमचे लॅबमधले मामा म्हणाले, "सर, गोळी टाकायच्या आधीच पांढरं झालंय की ओ हे." झालेलंच होतं. बफर पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटचा, आणि पोटॅशियम डोडेसिल सल्फेट थंड पाण्यात विरघळत नाही. सोडियम फॉस्फेट घेतलं, काचेसारखं स्वच्छ. तेव्हापासून मी कुठल्याही प्रयोगात औषधाशिवायची कोरी बाटली आधी करून ठेवतो आणि पोरांनाही सांगतो. हो, आणि डिसेंबरात आपल्याकडं पहाटे चौदा पंधरा डिग्रीला जातं तेव्हा एसएलएसचं दाट द्रावण रात्रभर बाहेर ठेवलं तर सकाळी चकाकत्या पापड्या दिसतात, ते बिघडलेलं नसतं, त्याचं क्राफ्ट तापमानच (ज्याच्या खाली ते नीट विरघळत नाही ते) सोळाच्या आसपास आहे. कोमट कर, जातं.

मोजमापाबद्दल थोडं, कारण तुझे आकडे मला जरा संशयास्पद वाटतात. नुसत्या पाण्याचा पृष्ठताण २५ डिग्रीला ७२ येतो का ते रोज सकाळी बघ, ६८ आला तर पुढं काही मोजू नकोस, भांडं परत धू. प्लॅटिनमची रिंग बर्नरवर लाल करून घ्यायची, रुमालानं पुसायची नाही, एकदा एकाला मी एप्रनच्या टोकानं पुसताना पकडलं होतं. ट्वीन पातळ असताना पृष्ठभागावर पोचायला वेळ घेतं, एक मिनिटात आकडा लिहू नकोस, दहा पंधरा मिनिटं थांब, स्थिर झाला की लिही. आणि ट्वीन ८० हा एक रेणू नाही, लहानमोठ्या साखळ्यांची खिचडी आहे, त्यामुळं वळण टोकदार न येता पसरट येतं. तुझ्या आलेखात ते कोपऱ्यासारखं तीक्ष्ण दिसतंय, ते बघून मला वाटलं मधले दोन बिंदू गाळलेस की काय. कंडक्टिव्हिटी या जोडीला वापरू नकोस, ट्वीन जास्त झालं की वळण दिसतच नाही. पायरीन (चमकणारा रेणू, मायसेलमध्ये शिरला की त्याचा उजेड बदलतो) चालेल, ३७३ आणि ३८४ च्या शिखरांचं गुणोत्तर घ्यायचं, पण तुझं औषध स्वतः पायरीनचा उजेड खातंय का ते ट्वीनशिवाय आधी बघ, अमाइन असलेली काही औषधं खातात.

अजून एक. औषधाला भार आहे, प्रमाण बदललं की द्रावणातलं क्लोराइड पण बदलतं, आणि मीठ वाढलं की या औषधांची सीएमसी आपोआप खाली येते. म्हणजे तू ट्वीनचा परिणाम मोजतेयस असं वाटतं आणि त्यातला काही परिणाम मिठाचा असतो. सगळ्या बाटल्यांत सोडियम क्लोराइड ५० मिलीमोलर वगैरे सारखं ठेव, मग औषधाची एकट्याची सीएमसी पण त्याच मिठात परत काढायला लागेल, ३६ राहणार नाही, त्यापेक्षा कमी येईल. काम वाढतं, माहीत आहे. तापमान पण लिही, "रूम टेम्परेचर" हे मेमधलं आणि जानेवारीतलं आपल्याकडं वेगळं असतं, एफ१२७ वर कुणी असेल त्याला तर यानं फारच फरक पडतो, थंडीत त्याचे मायसेल होतच नाहीत आणि दुपारी होतात.

व्हायव्हाला हमखास येणारा एक प्रश्न म्हणून सांगतो, दुधातल्या केसीनच्या मायसेलशी याची गल्लत करू नकोस. नाव तेच, पण ते प्रथिनं आणि कॅल्शियम फॉस्फेटचं मोठं गाठोडं, शंभर नॅनोमीटरच्या वरचं. पाणी घातलं म्हणून ते असं सुटत नाही, नाही तर गंगावेशीतल्या कट्ट्यावरच्या दुधाचं काय झालं असतं.

आता तुझ्या हातात चार महिने आहेत म्हणून एकच प्रयोग सुचवतो. १० किलोडाल्टनच्या अल्ट्राफिल्ट्रेशनच्या ट्यूब आण, महाग आहेत पण सहा पुरतील. १८ अधिक २ चं द्रावण घे, सेंट्रिफ्यूज कर, मायसेल वर अडकेल, सुटं औषध खाली येईल, पहिले काही थेंब फेकून दे कारण पडदा औषध ओढतो, पुढच्या थेंबांचं यूव्ही घे. थोडंच गाळ, सगळं गाळलंस तर वरचं द्रावण दाट होऊन तोल बदलतो. कोरं औषध ट्वीनशिवाय पण तसंच गाळ, म्हणजे पडदा किती खातो ते कळेल. मग तेच दहा पट, शंभर पट पातळ करून परत. माझ्या हिशोबाला सुटं औषध पहिल्या बाटलीत १४ ते १५ मिलीमोलर यायला पाहिजे. तुझा बीटा खरंच मायनस तीन असेल तर येईल. फार वेगळं आलं, समज ९ आलं, तर बीटा चुकलाय किंवा रुबिंगची पद्धत या जोडीला चालत नाही, आणि ते थिसिसमधलं सगळ्यात चांगलं पान होईल. डायलिसिसची पिशवी वापरणार असशील तर त्यातही नुसतं औषध एका पिशवीत टाकून बाजूला ठेव, कारण बऱ्याच "सस्टेन्ड रिलीज" आलेखांत औषध मायसेलमधून हळू बाहेर येत नसतं, पिशवीतूनच हळू बाहेर येत असतं.

आकडे आले की कच्चेच पाठव, एक्सेलमध्ये, गाळलेल्या बिंदूंसकट.